महांतेशच्या दुकानातला उखाणा

मुरुमच्या बाजारपेठेत महांतेशचा फोटो स्टुडिओ आहे. माणूस कामाचा चोख, पण काळीज सशाचं. वरातीत नवरदेवाच्या घोड्यापासून चांगला लांब उभा राहून शूटिंग काढणारा. दुकानातला फ्यूज गेला तर तो शेजारच्यानं बसवायचा, घरातला गॅस बायकोनं पेटवायचा. बायको महेश्वरी म्हणायची, "तुमास्नी पासपोर्टच्या फोटोतला माणूसबी डोळं वटारतोय असं वाटतंय." अशा माणसानं बाजाराच्या दिवशी सकाळी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकायला घेतली. हौस म्हणून नव्हे; नव्या प्रिंटरला जुनी चालेना.

पडद्यावरचा आकडा निम्म्याच्या पुढं गेला आणि थांबला. गोल फिरणारे ठिपके जागच्या जागी गोठले. माऊस हलेना, कीबोर्ड दाद देईना. महांतेशनं चहा मागवला, तो निवून गेला, पडदा तसाच. शेवटी त्यानं डोळे मिटून बटण दाबून धरलं. मशीन बंद झालं. परत सुरू केलं, तर या खेपेला आधीच अडकलं.

भीती विंडोजची नव्हती. आत अर्पिताचं लग्न होतं.

अर्पिता ही जवळच्या गावातल्या हरणाबाईंची एकुलती लेक. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच बाळंतपणात गेली. लग्नाची सीडी सासरी गेलेली, आणि त्या घराशी पुढं येणंजाणं राहिलं नाही. फोटो हरणाबाईंकडं होते, पण लेकीचा आवाज फक्त इथं होता. उखाणा घेताना अर्पिता मधेच अडते, हसते आणि कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या आईला विचारते, "आई, पुढचं काय गं?" हरणाबाई दर बाजाराला दुकानात यायच्या, स्टूल मशीनला खेटून ओढायच्या, कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून तेवढंच बघायच्या आणि लेकीला पुढची ओळ सांगायच्या. मग भाजी घेऊन गावाकडं.

महांतेशनं याची दुसरी प्रत काढलेली नव्हती. प्रत काढताना मूळच बिघडलं तर, ही भीती. आता काय म्हणावं या माणसाला! जपायचं म्हणून हात लावला नाही, आणि त्यापायी सगळं एकाच जुन्या डब्यात अडकून बसलं.

हरणाबाई येण्याआधी काम उरकेल असं त्याला वाटलं होतं. पण त्या पिशवी सावरत दारात उभ्या राहिल्या, तेव्हा पडदा तिसऱ्यांदा गोठला होता.

"आज लाइट न्हाय, मावशी," महांतेश म्हणाला.

हरणाबाईंनी वर बघितलं. डोक्यावर पंखा गरगरत होता. मग स्टूल ओढून बसल्या. "यील की. बसते मी."

 महांतेश दुकानाच्या पायरीवर गेला आणि उमरग्याच्या कृष्णराजला फोन लावला. कृष्णराज कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

"अण्णा, प्रिंटर, पेनड्राइव्ह, सगळं काढून बघितलं का?"

"बघितलं. तरीबी अडकतंय."

"एकाच ठिकाणी?"

"न्हाय. दरवेळी निराळ्या."

"मग विंडोजचा दोष न्हाय. डबा तापलाय का बघा."

महांतेशनं आत येऊन हात लावला आणि चटकन मागं घेतला. तापलेला तवाच तो.

"आतला पंखा अडकला असंल. वायर काढा, निवू द्या अन् उघडा. भिऊ नका," कृष्णराज म्हणाला. सांगायला काय जातंय.

महांतेशनं वायर काढली. काढली आहे ना, हे वाकून पुन्हा बघितलं. डबा निवल्यावर पेचकस घेतला. स्क्रू दोनदा खाली पडला. बाजूचा पत्रा सरकला आणि तो बघतच राहिला. आतला पंखा लालभडक होता. पात्यांवर, जाळीवर कुंकवाचे थर बसून कडक झाले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला महांतेश मशीनला भस्म लावायचा, तेही पुढून, एक बोट. हे कुंकू वरच्या फटींतून आलं होतं.

मागून आवाज आला. "तुळजापूरचं हाय ते." हरणाबाई उभ्या होत्या. पदराच्या टोकाची गाठ त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. "लेकीला लावते म्हणून चिमूटभर सोडत होते. दर बाजाराला."  "म्याच मारलं का रं तिला?"

डब्यावर ठेवलेला तो हात महांतेशनं कितीदा बघितला होता. नमस्कार करतात, असं त्याला वाटायचं.

"न्हाय मावशी. आमच्या दसऱ्याच्या पूजेचं हाय ते."

"तुमचं भस्म पांढरं असतंय, बाबा," हरणाबाई हळूच म्हणाल्या.

 लेन्स पुसायचा ब्रश घेऊन महांतेशनं एकेक पातं साफ केलं, खाली कागद धरून, कण सांडू न देता. पुडी बांधून ती देवाच्या फोटोपाशी ठेवली. पंखा बोटानं ढकलला तेव्हा तो फिरला.

मशीन सुरू केलं. आकडा चढू लागला. निम्म्यावर आला तसे दोघंही श्वास रोखून बसले. बाहेर कांदेवाला ओरडत होता, एक गिऱ्हाईक दारातून परत गेलं, महांतेशनं मान वळवली नाही. आकडा पहिल्या खेपेला अडकला होता तिथं आला, थांबला, आणि पुढं सरकला.

पडदा उजळल्यावर त्यानं आधी अर्पिताचं फोल्डर उघडलं. होतं. आता मात्र त्यानं पेनड्राइव्ह लावला, एक प्रत काढली, मग दुसरी मोबाइलमध्ये घेतली. मगच व्हिडिओ लावला आणि वळून म्हणाला, "या मावशी, जवळ या."

हरणाबाईंनी स्टूल पार उंबऱ्याशी नेलं होतं.

"न्हाय बाबा. हितनं दिसतंय की."

"आता कायबी व्हत न्हाय. या की."

त्या जागच्या हलल्या नाहीत. दोन्ही हात पदराखाली घेऊन बसल्या. अर्पिता उखाणा घेताना अडली, हसली आणि म्हणाली, "आई, पुढचं काय गं?"

हरणाबाईंनी पुढची ओळ सांगितली. पण तोंडावर पदर धरून, अगदी पुटपुटत. आपला श्वासही तिथवर पोचू नये अशा बेतानं.