काही न मागणारा साहेब

नोकरीत पाहिलेल्या बऱ्याच आरोपींचे चेहरे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा एक चेहरा मात्र जसाच्या तसा राहिला, आणि त्याचे कारण त्या माणसाचा गुन्हा नाही. नावे मी कुणाचीच देणार नाही.

माझ्या निवृत्तीला दोनेक वर्षे उरली होती. दक्षिण बेंगळुरूतल्या एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. आमचे घराणे चार पिढ्यांपासून इथलेच. घरात मराठी, ठाण्यात कन्नड. एका सोमवारी सकाळी जे. पी. नगरमधले एक जोडपे तक्रार घेऊन आले. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, दोघेही मूळचे पुण्याचे. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचून बाई लगेच मराठीत बोलू लागल्या.

"सर, बाबांसाठी आम्ही वरच्या मजल्यावर एक रूम आणि बाल्कनी काढतोय. प्लॅन सँक्शन झालाय. पण एक माणूस दोनदा येऊन गेला. पालिकेच्या नगररचना विभागातून आलोय म्हणाला, बाल्कनीचं काम ताबडतोब थांबवा."

"ओळखपत्र?"

"मागितलं, तर ऑफिसात या म्हणाला. आम्ही गेलो ऑफिसात. त्या नावाचं तिथे कुणी नाहीच."

"किती मागितले त्याने?"

आता नवरा बोलला. "तेच विचित्र आहे सर. काहीच नाही. चहासुद्धा घेतला नाही. टेप लावून मोजमाप घेतलं, जिथे बाल्कनी येणार त्या भिंतीवर लाल खडूने फुली मारली आणि गेला. शनिवारी परत येणार आहे."

तोतये मी पुष्कळ पाहिले होते. अशा माणसाचा एकच धंदा असतो: दरडावायचे आणि तडजोड करायची. जो दरडावतो पण तडजोडीवर येत नाही, त्याला काहीतरी मोठे हवे असते, असा माझा अनुभव. घराची टेहळणी चालली असेल, किंवा कुणा बिल्डरला ती जागा हवी असेल. जोडप्याचा संशय शेजारच्या निवृत्त शिक्षकांवर होता. नव्या मजल्याने आमचे ऊन जाईल, अशी कुरकूर त्यांनी एकदा केली होती. मी त्यांना बोलावून तासभर बसवले. त्यांच्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. त्यांची माफी मी कधी मागितली नाही. मागायला हवी होती.

आमच्या हेड कॉन्स्टेबल बाई माणसांना बोलते करण्यात तरबेज होत्या. त्यांनी तीन दिवसांत आणखी चार घरे शोधली. तोच माणूस, तीच टेप, तीच लाल फुली. तक्रार कुणीच दिली नव्हती, आणि यात मला नवल वाटले नाही. ज्याच्या घरात मंजुरीपेक्षा एक वीट जास्त आहे, तो पोलिसाला आपण होऊन दारात बोलावत नाही.

शनिवारी सापळा लावला. हेड कॉन्स्टेबल बाई साध्या साडीत घरातल्या नातेवाईक होऊन बसल्या, मी समोरच्या गाडीत. दहाच्या सुमारास तो स्कूटरवरून आला. साठी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, बगलेत जाड फाईल. वर जाऊन त्याने टेप काढली आणि एक टोक बाईंच्या हातात दिले.

"हे स्वल्प धरा, अक्का," तो म्हणाला. कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे जरा.

बाईंनी एका हाताने टोक धरले आणि दुसऱ्याने त्याचे मनगट. तो पळाला नाही. "टेप गुंडाळून घेऊ का?" एवढेच त्याने विचारले.

महजर, म्हणजे पंचनामा, तिथेच केला. फाईलमध्ये अकरा घरांचे मंजूर नकाशे होते, पालिकेच्या शिक्क्यांच्या प्रतींसह. ते पाहून माझा संशय दुप्पट झाला. हे कागद बाहेरच्या माणसाला मिळत नाहीत. आतला कुणीतरी याला सामील असला पाहिजे.

ठाण्यात आणून मी कन्नडमध्ये प्रश्न सुरू केले. नकाशे कुणी दिले? कुणासाठी काम करतोस? तो मान खाली घालून बसला. मग एकदम विचारले, "सर, जयनगरच्या घराचं सेंट्रिंग लावून झालंय का, कुणाला माहीत आहे?"

"प्रश्न मी विचारणार," मी म्हणालो.

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मला वाटले, याचा जोडीदार त्या घरावर नजर ठेवून असणार आणि हा वेळ काढतोय. मी आवाज चढवला.

तो बोलेना म्हणून मी कागदांकडे वळलो. त्याने फुली मारलेल्या पाच घरांचे नकाशे टेबलावर शेजारी शेजारी मांडले. इंजिनिअरची सही एकच, ते मी आधी पाहिले होते. त्यात विशेष काही नाही. एका भागात एकच इंजिनिअर बरीच कामे घेतो. पण साक्षी तपासण्याची एक सवय मला होती. पाच साक्षीदार एकच वाक्य शब्दशः बोलले तर ते पढवलेले असतात. इथे पाच घरे होती, पाच वेगळे रस्ते, कुठे रुंद, कुठे गल्लीएवढे. प्रत्येक नकाशात रस्त्याकडेची विजेची तार दाखवली होती, आणि बाल्कनीपासून तारेचे अंतर प्रत्येक ठिकाणी सारखेच: दोन मीटर दहा सेंटीमीटर. उरलेले सहा नकाशे उघडले. तिथेही तेच.

मी हेड कॉन्स्टेबल बाईंना फोन लावला. त्या अजून जे. पी. नगरच्या घरीच होत्या. "बाहेर येऊन सांगा, तार भिंतीपासून किती लांब आहे? अंदाजाने."

"बाल्कनी झाली तर काय सर, हात लांब केला की लागेल."

तेवढ्यात माझ्या पत्नीचा फोन आला. जेवायला येणार का, असे ती विचारत होती. नाही, काम आहे, एवढे मी मराठीत बोललो. त्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली.

"तुम्ही आपल्यातलेच का, सर?" त्याने मराठीत विचारले.

मी नकाशे त्याच्यापुढे सरकवले. "अकरा घरांना तार एकाच अंतरावर कशी? हा आकडा कुणाचा?"

"माझा," तो म्हणाला.

त्यानंतर त्याला फारसे विचारावे लागले नाही. तो त्या इंजिनिअरच्या ऑफिसात तीस वर्षे ड्राफ्ट्समन होता. नकाशे तो काढायचा, सही इंजिनिअरची. प्रत्येकाला बाल्कनी हवी असायची, आणि तार जवळ असली की मंजुरी अडायची. जागेवर जाऊन मोजायला वेळ कुणाला? जो आकडा नियमात बसतो तो लिहायचा. वर्षानुवर्षे काही झाले नाही.

"मग यशवंतपूरच्या बाजूला एका घरात एक बाई बाल्कनीत पडद्याचा ॲल्युमिनियमचा रॉड बसवत होत्या. रॉड तारेला लागला. जीव वाचला, उजवा हात कोपरापासून काढावा लागला. पेपरात फोटो आला, तेव्हा मी घर ओळखलं. नकाशा माझा होता."

"पुढे?"

"त्यांना भेटायला गेलो. ओळख सांगायची हिंमत झाली नाही, कुणाच्या तरी ओळखीचा आहे म्हणालो. त्यांनी डाव्या हाताने चहा आणून ठेवला. मला तो पिता आला नाही."

इंजिनिअरने त्याला जुन्या फायली न उघडण्याचा सल्ला दिला. त्याने नोकरी सोडली आणि ज्यांची बांधकामे अजून व्हायची होती, त्या घरांच्या प्रती सोबत नेल्या. पालिकेत लेखी अर्ज दिला. त्याची पोच तेवढी मिळाली. मग तो एकेका घरी जाऊन खरे सांगू लागला.

"म्हणायचो, मी ड्राफ्ट्समन, माझी चूक झालीय, बाल्कनी काढू नका. लोक हसायचे, सर. एकाने दार लावून घेतलं. चूक कबूल करणाऱ्याचं कोण ऐकतं? म्हणून साहेब झालो. साहेब म्हटल्यावर तीन घरांनी काम थांबवलं."

"आणि सेंट्रिंगचं सारखं का विचारत होतास?"

"बाकीच्यांना अजून वेळ आहे, जयनगरचं घर राहिलंय. सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या की तिथे आज स्लॅबच्या सळ्या चढवणार आहेत. सकाळी जे. पी. नगर उरकून तिथेच जाणार होतो."

मी घड्याळ पाहिले. याला ठाण्यात आणून दोन तास झाले होते.

जीप काढली, त्याला बरोबर घेतले. वाटेत वीज खात्याला फोन करून लाइनमन मागवला. जयनगरला पोहोचलो तेव्हा चौघे मजूर वर सेंट्रिंगवर उभे राहून लांब सळ्या खालून ओढून घेत होते. प्रत्येक सळईचे टोक हवेत झुलत तारेच्या बाजूला जात होते. मी खालूनच काम थांबवा म्हणून ओरडलो.

घरमालक कापडाचे व्यापारी होते, शांत माणूस. ते पुढे आले. "नकाशा मंजूर आहे सर. थांबवायची ऑर्डर आहे का?"

ऑर्डर नव्हती. मंजूर बांधकाम थांबवण्याचा अधिकार पालिकेचा. तक्रार नसताना मी तिथे कुणीच नव्हतो. रीतसर पालिकेला कळवून वाट पाहायला हवी होती.

"ऑर्डर निघाली आहे," मी म्हणालो. "कागद मागून येईल. आधी सळ्या खाली ठेवा."

वर्दी पाहून त्यांनी मान हलवली. "सरी, सर." म्हणजे, ठीक आहे.

मेस्त्री बाजूला येऊन हळूच म्हणाला, "तार जवळ आहे म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. मालक म्हणाले, नकाशात लांब दाखवलीय." लाइनमनने येऊन अंतर मोजले. दोन मीटर सोडाच, एक मीटरही भरले नाही. त्याने प्रवाह बंद केला आणि मग मजूर खाली उतरले. ड्राफ्ट्समन जीपमध्ये बसून होता. त्याने चेहरा हातांत झाकला होता.

गुन्हा दाखल झाला. तोतयेगिरी झालीच होती, आणि खोटे नकाशेही त्याने स्वतः कबूल केले होते. आरोपपत्र मी पाठवले. त्याने कोर्टात काहीच नाकारले नाही. दंड आणि थोडी शिक्षा झाली. इंजिनिअरची चौकशी मी निवृत्त झालो तेव्हाही चालूच होती. अकरा घरांची यादी वीज खात्याला दिली आणि काही ठिकाणी तारांवर आवरण बसले. जे. पी. नगरच्या जोडप्याने बाल्कनीऐवजी मोठी खिडकी काढली.

शिक्षा भोगून आल्यावर तो मला एकदा भेटला. यशवंतपूरच्या बाईंकडे जाऊन आपण कोण ते सांगितले, म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

"सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बाकीची घरं झाली का? झाली म्हणालो. मग म्हणाल्या, आता तुम्ही जा."

या प्रकरणाने मला काय शिकवले, हे मी तरुण अधिकाऱ्यांना सांगतो तेव्हा सांगतो की आरोपी काय विचारतो तेही लिहून घ्या. मी फक्त त्याची उत्तरे लिहिण्यासाठी कागद घेऊन बसलो होतो. ज्याला काही नको आहे त्याच्यावर मी सर्वांत जास्त संशय घेतला आणि त्यात दोन तास घालवले. ते चौघे मजूर सुखरूप खाली आले यात माझी हुशारी काहीच नव्हती.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही. त्या संध्याकाळी स्टेशन डायरीत जयनगरची नोंद करायची होती. नसलेली ऑर्डर सांगून मी एका माणसाचे काम बंद पाडले होते, आणि त्याच दिवशी हेच केल्याबद्दल दुसऱ्याला कोठडीत ठेवले होते. मी लिहिले, "घरमालकाने स्वेच्छेने काम थांबवले." खाली सही केली, शिक्का मारला. ती नोंद कुणी कधी तपासली नाही.