आठांच्या ऐवजी एक

लंडनमधल्या हाउन्सलोच्या बसस्टॉपवरून, शेजाऱ्यांच्या देखत, पोलिसांनी दादाला बेड्या घालून नेलं आणि दुसऱ्या दिवशी चुकीचा माणूस धरला म्हणून सोडून दिलं. त्याने बेकायदा अटकेचा दावा लावला. अशा दाव्यात इथे अजूनही आठ सामान्य लोकांची ज्यूरी मागता येते. दादाला तीच हवी होती. "बघणारी साधी माणसं होती, निकालही साध्या माणसांनीच द्यावा."

तारखा पुढे जात राहिल्या. तोवर आईचा कॅन्सर यकृतात पोचला. ज्यूरी सोडलीत तर एकट्या न्यायाधीशापुढे लवकरची तारीख मिळेल, असं बॅरिस्टर म्हणाले. आईला निकाल ऐकता यावा म्हणून दादाने ज्यूरी सोडली.

सुनावणीच्या दिवशी आई व्हीलचेअरवर सकाळभर कोर्टात राजमुद्रेखाली बसून होती. मुद्रेवर सिंह होता, युनिकॉर्नही होता. खाली न्यायाधीश तेवढे नव्हते. कमी पडले, असं क्लार्कने अदबीने सांगितलं. नवी तारीख पुढच्या उन्हाळ्यातली.

"तेव्हा मी नसणार रे," आई दादाला म्हणाली. "तुझी आठ माणसं परत मागून घे."

बॅरिस्टरसाठी मी त्याचं इंग्रजी केलं. सोडलेली ज्यूरी सहसा परत मिळत नाही, असं ते म्हणाले.

त्याचं मराठी मी केलं नाही.