सरकत्या पाटाची गाडी

"वढून त पाह्य, भिया!"

ट्रकचा फाळका खाली सोडायचा, दोन्ही हात कमरेवर ठेवून बाजूला उभं राहायचं आणि समोर जो कोणी असेल त्याला असं आव्हान द्यायचं, ही त्याची सवय. समोरचा भीतभीत कडी ओढायचा आणि हौद्यातला सागाचा भलामोठा पाट, वरच्या गठ्ठ्यापेट्यांसकट, टेबलाच्या खणासारखा सरसर बाहेर यायचा. बघणारे तोंडात बोट घालायचे. तो मात्र त्यांच्याकडे बघत नसे. तो माझ्याकडे बघे. ढाणकीत त्या वेळी मालाच्या दोनच गाड्या होत्या. एक त्याची, दुसरी माझी.

दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांतलाच मी एक, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची ही गोष्ट. दोघांच्याही गाड्या लढाईनंतर मोडीत निघालेल्या मिलिटरीच्या. जुळ्या बहिणीच म्हणा. माझी बाबांनी मला घेऊन दिली होती. शेतात माझं मन लागत नव्हतं म्हणून. त्याची त्यानं स्वतः कुठून कुठून भाग आणून उभी केली होती. फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा तो बंजारा. वयानं माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा, मिशा झुपकेदार, आणि बोलणं सगळं स्वतःबद्दल. 'भिया' म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. मला तो भिया म्हणायचा तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पाटाची अक्कल कुठून आली, हे तो चहाच्या दुकानात रोज नव्यानं सांगे.

"आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ वाहत. मुक्काम आला का गोणीले एक हिसका देल्ला, गोणी खाली. अन् ह्या मोटारीत काय? एकाचा गठ्ठा काढाले धा जणाचा माल उतरवा! कायची सुधारणा, सांग बरं?"

मग त्यानं जिनिंग कारखान्याच्या भंगारातून लोखंडी पट्ट्या आणल्या, त्या हौद्यात आडव्या-उभ्या ठोकल्या. जुन्या गाड्यांची बेरिंगं पाटाखाली चाकांसारखी बसवली. त्यांना बैलगाडीचं काळं ओंगण चोपडलं. पाट बाहेर आला की खालून दोन टेकू सुटत आणि पाट जमिनीवर पाय रोवून उभा राही. धान्याची जड पोती बाजूला, आणि पाटावर बाजारकऱ्यांचा नाजूक माल.

एकेक करून माझे बाजारकरी त्याच्याकडे गेले. पहिली गेली बांगडीवाली. मी विचारलं, "काहून वो मावशी, माह्या गाडीत काय काटे हायेत?"

"काटे नाही रे बाबा," ती म्हणाली, "तुह्या गाडीत बांगड्या चढतात अन् काचा उतरतात."

हे वाक्य सगळ्या बाजारात फिरलं. मला झोप येईना. शेवटी पुसदच्या सुताराकडून मीही एक पाट करून घेतला. त्याच्यापेक्षा रुंद, रंधा मारलेला, खाली तशीच बेरिंगं, वर हिरवा रंग. पहिल्याच फेरीला उमरखेडच्या वाटेवर एका चढावर मागे खाडकन आवाज झाला. फाळका उघडला होता आणि माझा हिरवा पाट तांब्या-पितळेच्या भांड्यांसकट रस्त्यावरून उलटा पळत होता. समोरून येणारे बैल बिचकून जुवासकट शेतात शिरले.

मागून त्याचीच गाडी येत होती. दुसरं कोण येणार? उतरून त्यानं निम्मी भांडी स्वतः गोळा केली. पाटाभोवती एक फेरी मारली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "रंग लय झकास हाय, भिया."

त्या पाटाचं मी गोठ्याचं दार केलं.

त्या हिवाळ्यात खळ्यावर एका मारक्या बैलानं बाबांना भिंतीशी दाबलं. मांडीचं हाड मोडलं. यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी गाडी दारात आणली. चौघांनी बाबांना बाजेसकट उचललं, पण हौदा छातीच्याही वर. बाज कलली आणि बाबांच्या तोंडून असा आवाज निघाला की आई घरात पळाली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बाबाच म्हणाले, "राहू द्या मले इथंच. इथंच मरतो."

कोणी निरोप दिला ठाऊक नाही. बाजाराला निघालेला तो भरल्या गाडीनं आमच्या गल्लीत आला. बांगडीवालीसकट सगळ्यांना खाली उतरवलं, त्यांचा माल आमच्या ओट्यावर मांडला आणि पाट ओढला. आम्ही बाज गुडघ्याएवढी उचलून त्यावर ठेवली. दोरानं बांधली. त्यानं एकट्यानं पाट आत ढकलला. बाबांनी हूं की चूं केलं नाही.

वाटभर मी बाबांजवळ बसलो होतो. अर्ध्या वाटेत ते डोळे मिटूनच म्हणाले, "याले म्हणतात गाडी."

बाबा वाचावेत म्हणून मी देवाला हात जोडत होतो, आणि ते हात जोडलेले असतानाच माझ्या काळजाला आग लागली होती.

दवाखान्याच्या आवारात आम्ही दोघं लिंबाखाली बसलो. मी आभार मानायला तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"तुह्यावर लय जळतो मी, भिया."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"तुह्या बापानं तुले गाडी घेऊन देल्ली. म्या मोटारीचं नाव काढलं म्हणून माह्या बापानं मले घराबाहेर काढलं. बैल इकून लोखंड घेतलं म्हणे. मरेपर्यंत माह्या गाडीत बसला नाही. एकडाव तरी म्हटलं असतं, चाल बे, दाखव तुही गाडी."

मग विडी दोघांनी एकाच काडीवर पेटवली.

बाबा लंगडत का होईना, चालू लागले. संध्याकाळी ओट्यावर बसून ते गाडीची वाट बघायचे. त्याच्या. माझी गाडी दारातच उभी असायची. तो यायचा, बढाया मारायचा, बाबा खदखदून हसायचे. मी आत जेवताना ते हसणं ऐकायचो. माझ्या एका तरी गोष्टीवर बाबा असे हसले होते का, हे आठवून पाहायचो.

काही वर्षांनी त्याला कावीळ झाली. झाडपाल्यावर राहिला आणि गेला. निरोप आला तेव्हा बाबांनी काठी घेतली आणि ते माझ्या गाडीत पुढे बसले. तांड्यावर लोक जमले होते, बाया त्यांच्या बोलीत सूर लावून रडत होत्या. बाबा चितेपासून थोडे दूर उभे होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. माझी धाकटी बहीण गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांचा हात धरून उभा असताना माझ्या मनात आलं, मी गेलो असतो तर हा माणूस एवढा रडला असता का? मेलेल्या माणसाचा हेवा करता येतो, मंडळी. चांगला करता येतो.

परतताना ऊन उतरलं होतं. रस्ता खड्ड्यांचा. बाबांचा पाय हिसक्यांनी दुखतो, म्हणून मी गाडी अगदी हळू, खड्डे चुकवत नेत होतो. बरंच अंतर ते बाहेर कपाशीकडे बघत राहिले. फुलसावंगी मागे पडल्यावर म्हणाले,

"तोही अशीच चालवे."

माझ्या गाडी चालवण्याबद्दल बाबांनी उभ्या आयुष्यात काढलेले तेवढेच शब्द. मी आणखी हळू चालवू लागलो.