वाट ठाऊक असलेला कोयता

चिपळूणहून निघाले तेव्हा पिशवीत खोबऱ्याच्या वड्या होत्या आणि डोक्यात एकच घोर, लेकीच्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवस करायचं काय? आखातात अल मजाजला पोचून खिडकीतून खालिद सरोवर पोटभर बघून झालं. तिसऱ्या सकाळी शेजारच्या बोलाचं बोलावणं आलं. बोला नायजेरियाची, योरुबांमधल्या इग्बोमिना लोकांपैकी. तिच्या मुलीचं नाव ठेवायचं होतं.

"आठव्याच दिवशी? आपल्यात बाराव्या," मी म्हटलं.

"त्यांच्यात आठवा टळता कामा नये, आई. यल्ला, चल!"

तिकडे सगळ्यांचे एकाच निळ्या कापडाचे कपडे. टेबलावर मध, मीठ, पाणी, शेजारी जोलोफचं (टोमॅटोतला झणझणीत भात) पातेलं. आणि मधोमध बाळाचे काका न् मामा कडाकडा भांडताहेत!

लेकीने सगळं समजावलं. बोलाच्या घरी नावाआधी बाळाच्या कानात त्याचं मूळ सांगतात. तो मान बोलाच्या आईचा, पण तिचा व्हिसाच आला नाही. काका म्हणत, आपला मूळपुरुष इफेचा राजपुत्र, बापाने दिलेल्या कोयत्याने त्याला जंगलातून वाट दाखवली. मामा म्हणे, आमचे पूर्वज ओयोचे. दोघे इग्बोमिनाच, पण गावागणिक मूळ निराळं. आमच्या कोयत्याला नारळापलीकडची वाट ठाऊक नाही.

बोला मात्र रडायला लागली. "आजचा दिवस गेला तर माझी मुलगी बिननावाची राहील!"

मला राहवेना. "अरे, इथे वयाने मोठं कोण?" हिंदीत दरडावलं, लेकीने इंग्रजीत सांगितलं. काका अठ्ठावन्न, मामा छप्पन्न.

"मी एकाहत्तर!"

मग ते दोन धिप्पाड पुरुष माझ्यापुढे चक्क साष्टांग आडवे झाले. काका म्हणाले, "मम्मा, मान तुमचा. दोन्ही गोष्टी सांगा."

बाळ हातात घेतलं. तिने माझं बोट घट्ट धरलं आणि इफे, ओयो, सगळं डोक्यातून पार पुसलं गेलं! बारशाला आत्या म्हणून जे करत आले तेच तोंडून निघालं, "कुर्रर्र... बाय माझी, तू चिपळूणची!"

लेकीशिवाय मराठी कळतंय कोणाला? काका खूश, मामा खूश. नाव ठेवलं अयोमिदे (माझा आनंद आला). मग काय ते नाचले, आणि मीही नाचले, गुडघ्यांची पर्वा न करता.

अपराध मनाला खात होता. निघायच्या दिवशी बोलाला खरं सांगून टाकलं. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, मग मला घट्ट मिठी मारली. "मम्मा, आमच्यात इतकी मुळं, त्यात आणखी एक! माझ्या आईलाही कळवते."

आता चिपळुणात कोणी विचारलं, तिकडे लेकीशिवाय आपलं कोण, तर सांगते, आमची एक नात आहे, इग्बोमिना. कोयत्याने वाट जरा लांबची धरली, एवढंच.