उडणाऱ्या पोरीची दृष्ट

त्या दिवशी पिक्चरच्या हॉलात आम्ही घरचे चौघं होतो. मी, माझा लेक विनू, सून सुषमा आणि नऊ वर्षांची नात चिमी. चौघांनाही बाहेर काढलं. माझ्यामुळे.

झालं असं, की त्या उडणाऱ्या पोरीच्या पिक्चरचा दुसरा भाग आला आणि पेपरवाल्यानं त्याला दीड तारा दिला! वर लिहिलं, मधला भाग रटाळ, पोरगी नुसती भांडी घासते. इकडे चिमीनं वर्गात आधीच सांगून ठेवलेलं, हा पहिल्यापेक्षा भारी. आता सोमवारी सगळ्यांपुढे उभं राहून तिला ते पटवून द्यायचं होतं. पोर जेवेना.

"आजी, तू चल. तुला आवडला तर मी कुणाला भीत नाही."

मी शाळा दुसरीत सोडली. माझ्या मताला एवढा मान कुणी दिला नव्हता. निघाले.

तर पिक्चरमध्ये त्या पोरीची शक्ती जाते. धाकट्या भावाला पोसायला ती लोकांची भांडी घासते. हे रटाळ? आमचे हे गेले तेव्हा मी इथंच, या हिंदी मुलखात, बरखेड्यात सहा घरची भांडी घासली, विनूला पाठीशी बांधून. मला एकदाही रटाळ वाटलं नाही. फुरसतच कुठे होती! पण पिक्चरवाल्यानं दाखवलं मात्र बरोब्बर, बोटांच्या भेगासुद्धा. वा रे पठ्ठ्या!

मग माझ्या ध्यानात आलं. पहिल्या भागात म्हणे गावभर हिचं कौतुक झालेलं, अन् घरात दृष्ट काढणारं एक माणूस नाही! शक्ती जाईल नाही तर काय? (चिमीला घेऊन कुठं जायचं तर मीठ-मोहरी माझ्या पदराला बांधलेली असतेच.) उठले, पडद्याकडे हात करून ओवाळली अन् टाकली.

पुढच्या साहेबांच्या पॉपकॉर्नमध्ये.

"अरे माताजी! पिक्चर है ये!"

"मालूम है! नजर किसको नहीं लगती?"

अन् बाप्पा, तेवढ्यात पोरगी उडाली! हॉलातली सगळी लेकरं माझ्याकडे वळली. "दादी, फिर से! विलेन आ गया!"

"आई, बसा हो!" सुषमा कळवळली. विनूनं तोंडावर रुमाल घेतला. मी तीनदा ओवाळलं. तिसऱ्यांदा मॅनेजर टॉर्च घेऊन आला.

बाहेर चिमी हमसून रडली. शेवटच राहिला! सोमवारी काय सांगणार? मग पार्किंगमध्ये मीच सांगितला शेवट: ती घरी येते, भावाशेजारी बसून गरम पोळी खाते अन् निवांत झोपते. चिमीनं वर्गात तोच ठोकून दिला. पोरं म्हणाली, "ऐसा है ही नहीं!" ही म्हणते कशी, "मेरी आजी को सब पता है."

मी पुन्हा जाऊन बघितला असता हो. पण गेटवरची बाई आता तिकिटाआधी माझा पदर तपासते.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी शेवट बघितला असेल तर एवढं सांगा, ती पोर जेवते ना? जेवत नसेल, तर चिमीला कळवू नका.