ती तिघं पाणी प्यायली

भूत, चकवा, अंगात येणं... यातलं काही मी मानत नव्हतो. वीजलाइनच्या टॉवरसाठी खड्डे खोदणारा माणूस मी. स्मशानाच्या कडेला खोदलंय, तिथेच बसून डबा खाल्लाय. नववीत शाळा सुटली, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीकडचा. आमची गँग तेव्हा तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बेला मंडलात म्हणजे तालुक्यात कामाला होती. कापूस वेचणीचे दिवस, रविवारची सुट्टी. सकाळी आमच्या गँगमधला दत्ता म्हणाला, "रोज तेच पिवळं वरण! आज मासे आण, नाहीतर तुझंच कालवण करतो."

मला गळ टाकता येत नाही. ओढ्यावर गेलो — तिकडे त्याला नाला म्हणतात — आणि शेतातल्या झोपडीत पडलेली कपाशीवर फवारायच्या औषधाची अर्धी बाटली डोहात ओतली. पाणी खाली गावाकडे जातं हे माहीत होतं. तरी ओतली. मग मासे वर यायची वाट बघत बसलो.

तेवढ्यात माझ्याच काठाने बैलगाडी आली. म्हातारा, म्हातारी आणि एक तरुण बाई, बहुतेक सून.

"पानी चांगलं हाय का रे बाबू?" म्हाताऱ्याने विचारलं.

नाही म्हटलं तर का, ते सांगावं लागणार. परका माणूस मी. मार पडणार, काम जाणार. "हो," म्हणालो.

म्हातारी हसली. "बगा, पोरगं म्हनते चांगलं हाय. तुमीच कवापासून कुरकुर करून राह्यले."

तिघंही ओंजळीने प्यायली. पोटभर. मी उभा. ओरडायचं होतं, तोंड उघडलं नाही.

मग म्हातारीने लोटा भरून माझ्यापुढे धरला. "आता तू पे."

तिच्या मागे पहिला मासा उलटा झाला.

"औषध टाकलंय मी त्यात," मी म्हणालो.

कुणी दचकलं नाही. "मंग हो काऊन म्हनला?" तिने कारण विचारलं. रागाने नाही... नुसतंच.

म्हातारा म्हणाला, "आमाले सांगून आता काय फायदा? खालतं ढोरं पान्यावर येऊन राह्यली. त्यायले सांग, जा."

मी पळालो. गावाशी गायकी, म्हणजे गुरं राखणारा, कळप पाण्यात उतरवतच होता. दोन बायका धुणं धूत होत्या. मी ओरडून सांगितलं — मी टाकलंय, मीच. गायकीने एक कानाखाली दिली. मग ढोरं वळवली, गावात निरोप धाडला. एकही जनावर दगावलं नाही. नंतर त्यानेच स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला पाजलं. "सांगितलं तरी तू, लेका. दुपारी पोरं पोहाले येतेत इथं." ते उपकार मी विसरणार नाही.

वर तिघं प्यायलीत म्हटल्यावर चारजण मोटरसायकलींवर माझ्याबरोबर आले. डोहावर मासेच मासे. ओल्या चिखलात माझ्या चपलांचे ठसे. चाकाचा नाही, बैलाचा नाही, दुसऱ्या कुणाचाच नाही.

"इकून बंडी येतेच कशी?" बैलगाडीचं ऐकून गायकी म्हणाला. "तुमीच त खड्डे खोदून वाट तोडली ना."

खरं होतं. आठ दिवसांपूर्वी आम्हीच ती गाडीवाट तोडली होती. आजूबाजूच्या गावांत विचारलं, दवाखान्यात विचारलं. असं कुणी आलंच नव्हतं.

दत्ता म्हणतो, ऊन लागलं होतं तुला. असेल. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. पण ती माणसं नव्हती, एवढं मी आता धरून बसलोय. कारण ती माणसं असतील, तर माझ्या एका 'हो'वर तिघं विष प्यायली.

म्हणून बेल्याकडचं कुणी भेटलं की अजून विचारतो — त्या दिवसांत कुणाच्या घरी तिघं एकदम गेली होती का? आजवर सगळे नाही म्हणालेत. त्यांचं 'नाही' ऐकलं की त्या दिवशी जेवण घशाखाली उतरतं.