आधी शेवटची बांधी

माझा स्वभाव तापट. शाळेत पोरं मला माझ्या मागे 'मिरची बाई' म्हणत, आणि ते मला पक्कं माहीत होतं. त्यामुळे निवृत्तीनंतर भंडाऱ्याच्या बाल न्याय मंडळावर माझी निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा घरी हशा पिकला. "आता पोट्ट्यांचं काही खरं नाही," असं म्हणून आमचे यजमान पेपर तोंडापुढे धरून हसत बसले.

मंडळावर आम्ही तिघं. एक न्यायाधीश साहेब आणि समाजातून घेतलेले दोन सदस्य. माझ्या जोडीला एक डॉक्टर होते, ते फार बोलत नसत. मी शेजारी बसल्यावर त्यांना संधी तरी कुठून मिळणार! अठराच्या आतल्या पोरानं गुन्हा केला की प्रकरण आमच्याकडे येई. तिथे पोलीस गणवेशात येत नाहीत, पोराला कुणी आरोपी म्हणत नाही, आणि 'शिक्षा' हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. जन्मभर मी तो शब्द खडूइतकाच वापरला होता. पहिल्या महिन्यात साहेबांनी मला चारदा टोकलं.

त्यातलं एक प्रकरण अजून आठवतं. नावगाव सांगत नाही, कायदाच तसा आहे. सानगडीच्या पलीकडचं एक खेडं आणि तिथला सतरा वर्षांचा पोरगा. गावाला जुना तलाव. तलावातून शेताकडे पाणी सोडायचं जे दार असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी, या पठ्ठ्यानं मासोळ्या धरायला तुडूम उघडलं आणि खाली पाटात आईची मच्छरदाणी लावून बसला. मासोळ्या आल्या, पण तुडूम काही परत बसेना. पाणी सुटलं ते सुटलंच. खाली बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, धान कापून वाळत घातलेलं होतं, ते तरंगत निघालं. सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं झालं? तलावाचं पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्याचं. गाव खवळलं, तक्रार झाली.

"मासोळ्या किती मिळाल्या रे?" मी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"चार," पोरगा म्हणाला. "त्याबी लहान होत्या."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. पण प्रकरण हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं. पोराला दूरच्या विशेष गृहात, म्हणजे सुधारगृहात, पाठवा, असा गावाचा आग्रह होता, आणि कायद्यानं ते करताही आलं असतं. गेला असता तर बारावी बुडाली असती, आणि परत आल्यावर त्याला कुणी बांधावर उभं केलं नसतं. बाप कोपऱ्यात गळ्यातला दुपट्टा पिळत उभा होता. मला त्याची फार दया आली.

मी म्हटलं, "साहेब, याला त्या म्हाताऱ्याच्याच हाताखाली द्या."

बरीच चर्चा झाली. शेवटी आदेश निघाला: येत्या हंगामात म्हाताऱ्याजवळ शंभर तास सामुदायिक सेवा. शेवटी म्हाताऱ्यानं सही करून चांगला अहवाल द्यायचा. नाही दिला, तर पोरगा विशेष गृहात.

म्हाताऱ्याला बोलावून हे सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "बाई, तुडूम यानं उघडलं, मंग शिक्षा मले काहून?"

"शिक्षा म्हणायचं नाही," साहेब म्हणाले. मला इतकं हसू आलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले.

पावसाळ्यात एकदा मी मुद्दाम त्या गावाला जाऊन आले. पोरगा चिखलात गुडघाभर उभा राहून पाटातली बेशरमाची झाडं उपटत होता. म्हातारा तलावाच्या बांधावर बसून बिडी ओढत सूचना देत होता, आणि मला पाहिल्यावर त्यानं पाणीवाटपाची रीत समजावून सांगितली. पाणी सुटलं की पहिला मान सगळ्यात लांबच्या, शेवटच्या बांधीचा. तिथून एकेक बांधी वर यायचं. तुडुमाजवळच्याची पाळी सगळ्यात मागून.

"जवळच्याले पाणी दिसत राहते, त्याले धीर राहते," तो म्हणाला. "लांबच्याले काय दिसते?"

"तुडुमाजवळची बांधी कोणाची?" मी विचारलं.

"माह्या बाबाची," पोरगा चिखलातून म्हणाला.

पोळ्याच्या आधीच शंभर तास भरले. पण म्हातारा सही करेना. मी फोनवर चिडले, "अहो बाबा, तास भरले ना!"

"तास घड्याळात भरले, बाई. पाणी सुटन तवा मले पोरगा समजन."

तारीख पुढे गेली. पोळा झाला आणि पावसानं अशी दडी मारली की विचारू नका. धान गर्भात, लोंब्या फुटायच्या बेतात, आणि बांध्यांना भेगा. आमच्या साकोलीहून बसनं भंडाऱ्याला जाताना मी खिडकीबाहेर बघणं सोडून दिलं होतं.

तारखेच्या दिवशी पुकारा झाला, तर पोराचा पत्ता नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पेन उचललं. न सांगता गैरहजर म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं. तेवढ्यात बाप दारात येऊन उभा राहिला. एकटा. तोंड लालबुंद.

"पोरगा कुठं आहे?"

"पाण्यावर."

"पुन्हा तुडूम उघडलं त्यानं?" मी ओरडलेच.

"उघडलं ना बाई! तीन दिस झाले, रीतसर उघडलं. साऱ्या गावाले पाणी देऊन राहिला. मले सोडून!" बाप तिथंच बाकावर बसला. "माही बांधी तुडुमाच्या पायथ्याशी. हात लांबवला का पाणी. धानात जीव नाही राहिला. काल गेलो, म्हटलं, बाबू, म्हातारा जेवाले गेला हाये, घंटाभर इकडं वळव, कोणाले नाही समजत. तं मले म्हणते, 'बाबा, तुमची पाळी परवा.' सख्ख्या बापाले! मी फावडं उचललं, तं पाटाच्या तोंडावर जाऊन बसला. म्हणे, मारा."

मग बापानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. म्हाताऱ्यानं पाठवलेला अहवाल. अक्षर वाकडंतिकडं, पण खाली सही होती. त्यात एवढंच लिहिलं होतं: पोरगा पाण्यावर ठेवण्यालायक आहे. आज आला नाही, कारण मी सोडला नाही.

मी सरळ पदर डोळ्याला लावला. लाज कसली त्यात! डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि फायलीला लावला. म्हणाले, "पोराला पुढची तारीख देतो, त्या दिवशी प्रकरण बंद करू. तुमची काही तक्रार आहे का?"

"पोराची नाही, साहेब. त्याले काही नका करू." बाप उठला, हात जोडले. "फक्त तेवढी पाळी आजची करून देता आली तं पाहा ना. एका दिसाचाच फरक हाये."

साहेब क्वचितच हसत. त्या दिवशी हसले. "ते माझ्या अधिकारात नाही," ते म्हणाले. "ते तुमच्या पोराच्या हातात आहे."

बाप दुपट्ट्यानं तोंड पुसून म्हणाला, "मंग जाऊ द्या मले. सानगडीची गाडी सुटन. उद्या सकाळी माही पाळी हाये."